सोळा खंड, कशावरून?

पान सात, ओळ चौथी. समासात शिसपेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता: कशावरून?

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शब्द तिथेच होता. त्यांनी पान उलटलं. पान आठवर तोच शब्द तीन ठिकाणी होता. पान नऊपर्यंत लिहिणाऱ्याचा हात दुखायला लागला असावा, कारण तिथे नुसती प्रश्नचिन्हं होती. आणि पान अकरावर एका अख्ख्या परिच्छेदाला कंसात कोंडून बाजूला लिहिलं होतं, 'बाबा, हे तर फारच कशावरून!'

लिहिणारी त्यांची मुलगी होती. परगावच्या कॉलेजात ती संशोधन करणाऱ्यांना संशोधन कसं करावं हे शिकवायची. या नोकरीबद्दल निरीक्षक चार लोकांत मोठ्या अभिमानानं बोलत. ती नोकरी एके दिवशी रजा काढून आपल्याच घरी येईल आणि आपल्याच टेबलाशी ठाण मांडून बसेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

प्रकरण तसं किरकोळ होतं. गावातल्या वाचनालयाला पंच्याहत्तर वर्षं होत होती. त्यानिमित्त साठ पानांचा इतिहास काढायचं ठरलं आणि ते काम निरीक्षकांकडे आलं, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि बैठकीला ते एकटेच वेळेवर आले होते. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं लोटली होती, पण 'निरीक्षक' हे बिरुद भिंतीच्या जुन्या रंगासारखं होतं. पोपडे निघाले तरी भिंत त्याच रंगाची म्हणायची. त्यांनी दीड महिन्यात इतिहास लिहून काढला. कुठे अडलंच नाही. सगळं माहीतच होतं.

"तेच तर," मुलगी म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे. वाचणाऱ्यानं कशावरून मानायचं?"

"अगं, हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना!"

"मग त्यातल्या एकाचं नाव द्या. त्यानं कुठे लिहिलंय, कुठल्या साली, कुठल्या पानावर. लिहिलेलं नसेल, नुसतं सांगितलं असेल, तर सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख आणि ठिकाण. एवढंच तर हवंय."

"उद्या म्हणशील, पाणी ओलं असतं याला पुरावा द्या."

"बाबा," मुलगी शांतपणे म्हणाली, आणि तिचा हा शांतपणा आईकडून आलेला असल्यामुळे निरीक्षक सावध झाले, "एखादा दुकानदार म्हणाला असता, साहेब, हा किलो खरा आहे, सगळ्यांना माहीत आहे, तर तुम्ही काय केलं असतंत?"

"जप्त केला असता."

"आणि खरा-खोटा कशावरून ठरवायचात?"

"ऑफिसातल्या किलोवरून. पितळी. पेटीत मखमलीवर ठेवलेला असतो, उघड्या हातानं शिवायचा नाही."

"तो खरा कशावरून?"

"वरच्या ऑफिसातल्या किलोवरून. ठरल्या मुदतीला ताडून आणावा लागतो. तिथला आणखी वरच्या..." निरीक्षक थांबले. आयुष्यभर ज्या काट्यावर दुसऱ्यांना तोललं, त्याच काट्यावर आपण उभे आहोत आणि कमी भरतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"संदर्भ म्हणजे तरी दुसरं काय असतं?" मुलगी म्हणाली.

साधा माणूस चूक कळली की खजील होतो. निरीक्षक खजील झाले नाहीत, ते पेटले. त्या दिवसापासून घरात कुणाचंही वाक्य शिक्क्याशिवाय सुटेना. दूधवाला उद्या येणार नाही असं बायको म्हणाली, तर कुणी सांगितलं, कधी, तोंडी की लेखी, असं त्यांनी विचारलं. बायकोनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ते फिरायला निघाले असता जिन्यात तिचा आवाज आला, "अहो, गॅस बंद केलात म्हणालात. कशावरून?" निरीक्षक चपला काढून परत आत आले. गॅस चालू होता.

आठवडाभरात बहुतेक 'कशावरून' मिटले. वाचनालय कुठल्या साली सुरू झालं याला कोनशिला सापडली. पहिल्या अध्यक्षांना स्मारकच होतं. पान अकरावरचा परिच्छेद त्यांनी मुकाट्यानं काढून टाकला. उरलं पान बारा.

पान बारावर मुलीनं काहीच लिहिलं नव्हतं. एका वाक्याशेजारी फक्त एक ठिपका होता.

"हा ठिपका कसला?"

"तिथे लिहवेना," मुलगी म्हणाली. "आजोबांचं आहे म्हणून."

वाक्य असं होतं: 'सहाव्या वर्षी वाचनालयास आग लागली, तेव्हा सोळा खंडांचा थोरला कोश प्रस्तुत लेखकाचे वडील, जे पोस्टात टपाल वर्गवारीचे काम करीत, त्यांनी जिवावर उदार होऊन एकट्याने बाहेर काढला.'

वडील भित्रे होते. हे निरीक्षकांनी कधी कबूल केलं नसतं, पण ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्या सगळ्यांना ते माहीत होतं, आणि इथे खरोखरच सगळ्यांना. समोरून कुत्रं आलं की ते रस्ता बदलत. कुणी रांगेत पुढे घुसलं तर ते एक पाऊल मागे सरकून त्याला जागा करून देत. दुकानदारानं कमी तोलून दिलं तर न बोलता घरी येत. मुलानं वजनमापे खात्यात नोकरी धरली ती काही उगाच नाही. त्या माणसानं अख्ख्या आयुष्यात केलेलं धाडस एकच, आणि ते पान बारावर होतं. खरं सांगायचं तर, बाकीची एकोणसाठ पानं निरीक्षकांनी त्या एका वाक्याला उभं राहायला जागा हवी म्हणून लिहिली होती.

"आजोबा नक्की काय म्हणायचे?" मुलीनं विचारलं.

"हेच."

"हेच म्हणजे कुठल्या शब्दांत?"

"कोश शाबूत राहिला तो माझ्यामुळे, असं. स्वयंपाकघरात जेवताना. शंभरदा ऐकलंय."

"बाहेर काढला, असं म्हणायचे?"

"मग शाबूत कसा राहणार? चालत बाहेर येणार?"

मुलीनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, पुरावा मिळाला तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल. नाही मिळाला तर ते वाक्य काढा. एक वजन खोटं निघालं तर बाकीच्या दुकानावर कोण विश्वास ठेवेल?"

त्या दिवसापासून निरीक्षकांना एका जागी बसवेना. जेवताना ते मध्येच उठत, कपाट उघडत, काय शोधायचं होतं ते विसरून कपाट लावत. छापखानेवाल्यानं आधीच दम दिला होता: शुक्रवारी सकाळी मजकूर हातात आला नाही तर मशीन लग्नपत्रिकांना लागेल, आणि एकदा लग्नपत्रिका सुरू झाल्या की मग देवाचंही काम घेत नाही. समारंभ पुढच्या रविवारी होता. हॉल ठरला होता, माइकवाला ठरला होता. फक्त आग ठरायची होती.

सुरुवात त्यांनी वाचनालयापासूनच केली.

"आगीची नोंद त्या सालच्या इतिवृत्तात असणार," ग्रंथपाल म्हणाले.

"मग ते काढा की."

"ते आगीत गेलं."

निरीक्षक तडक उठले. ते अग्निशमन दलाकडे गेले. तिथल्या कारकुनानं आदरानं बसवलं, पंखा लावला आणि सांगितलं, की जुनं दप्तर होतं, अगदी तारीखवार लावलेलं होतं, पण टाकीचा पाइप फुटून सगळा लगदा झाला. अग्निशमन दलाचं दप्तर पाण्यात बुडालं हे ऐकून निरीक्षकांना हसू आलं असतं, पण ते त्या दिवशी हसण्याच्या पलीकडे गेले होते. निघताना कारकुनानं विचारलं, "पण साहेब, आग लागली होती याला तुमच्याकडे काही पुरावा आहे का? असला तर आम्हालाही एक प्रत द्या. आमच्या इतिहासाचंही काम चाललंय."

नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात आणखी वेगळीच तऱ्हा होती. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"कागदाचा नंबर लिहा."

"नंबर मला माहीत नाही. तोच बघायला आलोय."

"नंबराशिवाय कागद निघत नाही."

"आणि नंबर कुठे असतो?"

"कागदावर," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जराही खोच नव्हती. वस्तुस्थिती होती ती.

दरम्यान गावभर झालं होतं, की निरीक्षक आगीचा तपास करतायत. काहींना वाटलं आग नुकतीच लागली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मात्र नेमकं काय ते कळलं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी निरीक्षकांनी त्याच्या वडिलांच्या गादीवरून एक अर्धा किलो जप्त केला होता. खालून कोरून पोकळ केलेला. त्या गोष्टीचं किराणावाल्यानं कधी तोंडानं नाव काढलं नव्हतं, पण निरीक्षकांना सामान देताना तो काटा नेहमी त्यांच्या बाजूला वळवून ठेवायचा.

"या साहेब," तो म्हणाला. "ऐकलं, तुमच्या वाक्यावर शिक्का नाही म्हणे?"

निरीक्षकांनी साबण मागितला.

"कोश ना? सोळा खंडांचा? अहो, तो आमच्या आजोबांनी काढला. हातगाडीवर घालून. दोन खेपा केल्या. आमच्या घरी विचारा कुणालाही."

"तुमच्या घरचं चालत नाही," निरीक्षक ताठपणे म्हणाले. "त्रयस्थ लागतो."

"आणि तुमच्या घरचं चालतं?" साबण काउंटरवर ठेवत किराणावाल्यानं विचारलं. मग आवाज मऊ करून म्हणाला, "मागच्या बाजूला नावं येणार ना, कुणी काय सांगितलं त्यांची? माझं टाका. नाव, खाली किराणा व भुसार, खाली फोन. आणि घरपोच सेवा हे कंसात."

घरी येऊन बघतात तो शेजारचे सर बसलेले. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आणि सध्या वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांच्या सहीशिवाय छापखान्यात कागद जात नव्हता. सरांनी घसा साफ केला.

"निरीक्षक, पान बाराबद्दल ऐकलं. आपला स्नेह आहे म्हणून इतके दिवस बोललो नाही. तो कोश माझ्या वडिलांनी बाहेर काढला. सोळाच्या सोळा. तीर्थरूपांनी स्वतः मला सांगितलंय."

"एकट्यानं?"

"एकट्यानं. शर्टाची बाही जळली होती."

सर गेल्यावर निरीक्षक बराच वेळ येरझारा घालत राहिले. एकाच आगीतून तेच सोळा खंड आतापर्यंत तीन वेळा बाहेर आले होते. बायको खिडकीपाशी बसून एका जुन्या लोकरी स्वेटरला बटण लावत होती. सरांच्या घरी त्यांची आत्या राहायची, पंच्याऐंशी ओलांडलेली. तिच्या कपड्यांची तुटलेली बटणं वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून याच घरी यायची.

"कशाला एवढा जीव आटवताय?" बायको म्हणाली. "तिघांनी मिळून काढले म्हणा. पाच, पाच आणि सहा."

"सहा कुणाला द्यायचे?" निरीक्षकांनी खेकसून विचारलं. विचारल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी त्यांनी आपल्या धंद्यातला उपाय केला. स्वयंपाकघरातला काटा पिशवीत घालून ते वाचनालयात गेले. ग्रंथपालांनी कमरेची किल्ली काढून कोशाचं कपाट उघडलं. या कपाटाला पहिल्यापासून कुलूप असतं, असं ते म्हणाले. निरीक्षकांनी एक खंड तोलला, मग दुसरा, मग सगळे. बेरीज चाळीस किलोच्या पुढे गेली. वडिलांचं वजन त्यांना पाठ होतं, शेवटच्या आजारात डॉक्टर रोज करायचे. म्हणजे वडील एका पारड्यात आणि कोश दुसऱ्या पारड्यात घातला असता तर काटा जवळजवळ मधोमध थांबला असता. आपल्याएवढं ओझं उचलून धुरातून धावणारा माणूस त्यांनी डोळ्यांपुढे आणून पाहिला. माणूस आला, पण त्याला वडिलांचा चेहरा काही बसेना.

घरी आल्यावर त्यांनी काटा जागेवर ठेवला आणि मुलीला वजन सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. बुधवारची संध्याकाळ होती. बायकोनं स्वेटर घडी घालून त्यांच्या हातात दिला. "येरझारा घालून जमिनीला खड्डा पाडण्यापेक्षा हे आत्यांना देऊन या."

आत्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होत्या. भिंग हातात होतं. निरीक्षक आत आले तसं त्यांनी वर्तमानपत्र झटकन मिटलं आणि आतून एक जाड कादंबरी घसरून जमिनीवर पडली.

"अस्सं," निरीक्षक म्हणाले.

"उचलून दे. आणि बोलू नकोस कुठे," आत्या म्हणाल्या. "सवय झाली रे. उघड्यावर वाचली की गोडी लागत नाही. काय म्हणतात, सगळं गाव सध्या खंड उचलतंय?"

"तिघांनी उचललेत आतापर्यंत. त्यात तुमचे दादापण आहेत."

"दादा?" आत्यांनी भिंग खाली ठेवलं. "दादाला त्या आठवड्यात गालफुगी झाली होती! दोन्हीकडची. कानांवरून फडकं बांधून आरशासमोर बसला होता, रडत. त्याला दार उघडून बाहेर जायची लाज, तो आगीत जातोय."

निरीक्षकांच्या पायातली चुळबुळ थांबली. "तुम्ही घरी होता त्यांच्यापाशी?"

"मी कशाला घरी? मी वाचनालयात होते," आत्या म्हणाल्या, आणि दाताखाली खडा यावा तशा गप्प झाल्या.

पण बांध फुटला होता. हळूहळू सगळं आलं. त्या वेळी त्या सतरा वर्षांच्या. घरी कादंबरीला बंदी. शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून निघायचं आणि वाचनालयात मागच्या कपाटाआड बसून वाचायचं. त्या संध्याकाळी कार्यालयाच्या टेबलाखाली कुणीतरी चहाचा स्टोव्ह पेटता ठेवून गेलं. टेबल पेटलं, मग दप्तराचं कपाट. धूर झाला.

"आणि कोश?"

"कोश दुसऱ्या टोकाला. कुलपात. किल्ली ग्रंथपालाच्या कमरेला आणि ग्रंथपाल कोपऱ्यावर चहाला. कोण काढतोय आणि कसा?"

निरीक्षकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "माझे वडील... तिथे होते का?"

"ते पोस्टातले, बारीकसे? होते ना. पेपर वाचायला यायचे. पुस्तक बदलून हवं असलं तरी तोंडानं मागायचे नाहीत, चिठ्ठी लिहून पुढे करायचे." आत्यांनी खाली ठेवलेलं भिंग परत उचललं. "पहिल्यांदा धूर त्यांनी पाहिला. ते पायरीवर गेले आणि 'आग!' म्हणून ओरडले. अरे, काय तो आवाज! त्या एवढ्याशा देहात कुठे ठेवला होता कोण जाणे. बाजारातली माणसं बादल्या घेऊन धावत आली. मी कपाटाआडून बाहेर पडले ती त्या आवाजानं. नाहीतर कादंबरी संपेपर्यंत मला काही कळलं नसतं."

निरीक्षकांनी खिशातून कागद-पेन काढलं आणि लिहायला सुरुवात केली: सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख...

"काय लिहितोयस?" आत्या ओरडल्या. "खबरदार माझं नाव छापलंस तर! मी तिथे होते म्हणून लिहिशील, आणि घरात अजून सांगतात, आत्या शिवणाच्या क्लासला जायची."

"आत्या, तुमच्या वडिलांना जाऊन जमाना झाला."

"म्हणून काय त्यांच्या माघारी त्यांना फसवू?" आत्या म्हणाल्या. हे कसलं तर्कशास्त्र, हे विचारायची निरीक्षकांची हिंमत झाली नाही.

दोन घरांमध्ये चार पावलांचं अंतर. ते चालायला त्यांना फार वेळ लागला. कोश शाबूत राहिला तो माझ्यामुळे. वडील एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. बाहेर काढला, हे ते कधीच म्हणाले नव्हते. धुरातून सोळा खंड बाहेर आणण्याचं काम निरीक्षकांनीच, शाळकरी वयात, ताटावर बसल्या बसल्या, वडिलांच्या वतीनं उरकलं होतं. खंड आता हातातून गेले. त्यांच्या जागी एक आवाज आला होता, आणि निरीक्षकांनी तो आवाज जन्मात कधी ऐकला नव्हता. जिन्यात उभं राहून त्यांनी ऐकायचा प्रयत्न केला. वरून बायकोनं विचारलं, "अहो, चढताय की उतरताय?"

मुलीनं सगळं ऐकलं आणि डोळे पुसले. मग लगेच पेन्सिल उचलली. "नाव न देता लिहिता येतं. साक्षीदाराच्या इच्छेवरून नाव दिलेलं नाही, असं. मात्र 'ती' म्हणून कुठे लिहू नका, नाहीतर शोध लागेल."

गुरुवारी सर सही करायला आले आणि नवं पान बारा वाचून लालबुंद झाले.

"ओरडले? नुसते ओरडले? आणि माझे वडील कुठायत?"

निरीक्षकांच्या जिभेवर गालफुगी अगदी टोकापर्यंत आली होती. ती त्यांनी गिळली. "प्रत्यक्ष पाहणाऱ्यानं सांगितलंय, सर."

"कोण?"

"सांगता येत नाही."

"वा! मी, या संस्थेचा अध्यक्ष, नावानिशी सांगतोय ते खोटं, आणि तोंड लपवणारा कुणी भुरटा सांगतो ते खरं! कशावरून?"

भुरटा या शब्दावर भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. आत्यांना ऐकायला कमी येतं, असा त्या घरात समज होता.

"माझ्या वडिलांचं नाव आल्याशिवाय सही होणार नाही," सर म्हणाले आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

मुलगी मध्ये पडली. म्हणाली, सर, तुमचं म्हणणं 'तुमचं म्हणणं' म्हणून छापू. मागे टिपांमध्ये, तुमच्या नावासकट. खरं-खोटं वाचणारा ठरवेल. सरांनी विचार केला. नावासकट म्हटल्यावर त्यांचा राग निम्मा उतरला होता. मग त्यांनी टिपांमधली नावांची यादी पाहिली.

"किराणावाला माझ्या वर?"

"अकारविल्हे आहे, सर."

"मग शिक्षणाला काही किंमत?"

"अकारविल्ह्यात नसते," मुलगी म्हणाली. सरांनी सही केली, पण अशी, की कागद मागून फाटला.

शुक्रवारी सकाळी निरीक्षक छापखान्यात हजर झाले. छापखानेवाल्यानं टिपा चाळल्या, कानामागची पेन्सिल काढली आणि खाजगी आवाजात म्हणाला, "साहेब, हे खंडांचं... आमच्या मामांनी काढले होते ते. जागा आहे, अर्धी ओळ टाकू का?" निरीक्षकांनी टाकू दिली. लग्नपत्रिका दारात उभ्या होत्या.

रविवारी हॉल भरला. पुस्तकं वाटली गेली आणि निरीक्षकांनी इतिहासकार म्हणून जे पाहिलं ते असं: एकाही माणसानं पुस्तक पुढून उघडलं नाही. प्रत्येकानं ते पालथं केलं, मागच्या टिपांत स्वतःचं नाव शोधलं, शेजाऱ्याला दाखवलं आणि मिटलं. किराणावाल्यानं फोन नंबर नाही म्हणून तोंड वाकडं केलं. तेच सोळा खंड तीन पुरुषांनी, एकाखाली एक, स्वतंत्रपणे वाचवल्याची नोंद असूनही कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.  निरीक्षक व्यासपीठावरच्या खुर्चीत दर मिनिटाला सरकून बसत होते.

पुढच्या रांगेत आत्या बसल्या होत्या. सबंध हॉलमध्ये पुस्तक पान एकपासून वाचणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि आज वर्तमानपत्राशिवाय. सर भाषणाला उभे राहिले. सर 'ज्ञानाची ही गंगोत्री' इथपर्यंत आले तेव्हा आत्या पान बारावर होत्या. भिंग ओळीवरून सावकाश सरकलं. आत्यांनी मान डोलावली.

"बरोबर आहे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "अगदी असंच."

सर थांबले. "काय आत्या?"

"काही नाही. तुझं चालू दे."

सर पुढे निघाले. आत्यांनी टिपा उघडल्या. भिंग खाली खाली गेलं, एका ओळीवर थांबलं, आणि परत त्याच ओळीच्या सुरुवातीला गेलं. निरीक्षकांनी डोळे मिटून घेतले.

"अरे, दादानं सोळा खंड काढले? शर्टाची बाही जळली?" आत्यांचा आवाज माइकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत गेला. "त्याला गालफुगी झाली होती! त्याच्या शर्टाला बाही कुठली, तो गळ्यापर्यंत चादर घेऊन बसला होता!"

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. सर माइकपाशी खाली वाकून म्हणाले, आणि त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं, "आत्या, घरी बोलू. वाचनालयात काय झालं हे तुला कशावरून माहीत?"

"मी तिथे होते!"

"तू कशी असशील? संध्याकाळी तू शिवणाच्या क्लासला असायचीस. आजोबा नेहमी सांगायचे."

आत्या उठून उभ्या राहिल्या. एका हातात पुस्तक, एका हातात भिंग. त्यांनी एकदा व्यासपीठावरच्या निरीक्षकांकडे पाहिलं, एकदा पुतण्याकडे.

"जन्मभर एका घरात राहतोयस माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "मला एक बटण तरी लावताना पाहिलंयस का?"

सरांनी तोंड उघडलं. सरांनी आठवून पाहिलं. सरांनी तोंड मिटलं.

पहिल्या रांगेत निरीक्षकांच्या बायकोचं हसू दाबणं स्पष्ट ऐकू आलं. मुलीनं पर्समधून पेन्सिल काढली होती आणि ती बापाकडे पाहत होती. निरीक्षक व्यासपीठावरून खाली आले. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांची पावलं एकाच दिशेनं, न घुटमळता पडत होती. आत्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी आपली प्रत मांडीवर उघडली, मुलीच्या हातची पेन्सिल घेतली आणि 'साक्षीदाराच्या इच्छेवरून नाव दिलेले नाही' या ओळीवर रेघ मारली.

आत्या भिंगातून बघत होत्या.

"नाव लिही," त्या म्हणाल्या. "वय लिहू नकोस."